दोन इंच उचललेली फॉर्च्युनर परत मार्गावर कशी आणली: एका सस्पेन्शनचं पूर्ण प्रकरण

गाडी २०१८ ची टोयोटा फॉर्च्युनर, २.८ डिझेल ऑटोमॅटिक, फोर बाय फोर. मालक साताऱ्याचे, जुने ओळखीचे, मी त्यांना दादाच म्हणतो. वापर असा की महिन्यातून बऱ्याचदा पुणे-मुंबई, अधूनमधून समृद्धीने नागपूरकडे, बामणोलीच्या बाजूला शेत आहे तिकडे पावसाळ्यात जायचं म्हणजे शेवटचा पट्टा लाल चिखल, ओढे आणि उघडा पडलेला जांभा, आणि वर्षाकाठी एक मोठी ट्रिप हिमालयात. मागच्या सीटवर बहुतेक वेळा वहिनी आणि दादांच्या आई, आईंना मणक्याचा त्रास आहे. हे सगळं आधी सांगतोय कारण सस्पेन्शन काय लावायचं ते ह्या माहितीवरून ठरतं, बाजारात सध्या कुठलं किट गाजतंय त्यावरून नाही.

मी पुण्यात सस्पेन्शन आणि अलाइनमेंटचंच काम करतो. माझ्याकडे गाडी आली तेव्हा तिच्यावर एक काम आधीच झालेलं होतं. एका दुकानात पुढे स्ट्रटच्या डोक्यावर ३० मिमीचे स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारे तुकडे, टाकलेले, मागे 'कॉन्स्टंट लोड' म्हणून विकल्या जाणाऱ्या जाड तारेच्या स्प्रिंगा घातलेल्या, शॉकअप चारही कंपनीचेच ठेवलेले, आणि मूळच्या २६५/६० आर १८ च्या जागी २८५/६० चे जाड ऑल टेरेन टायर. गाडी उभी असताना दिसायला एक नंबर, पण दादांची तक्रारीची यादी मोठी होती. शंभरच्या पुढे स्टेअरिंग हलकं पडतं आणि सारखं सरळ करत राहावं लागतं, गतिरोधकावरून उतरताना पुढून 'टक्' असा लोखंडी आवाज येतो, मागे बसलेली माणसं नुसती आदळतात. वहिनींचं म्हणणं तर एका वाक्यात होतं, "भावजी, आधी ह्याच गाडीत पोटातलं पाणी हलत नव्हतं, आता खंबाटकीपर्यंतसुद्धा बसवत नाही हो."

मूळ गाडी काय आहे ते आधी बघू. पुढे डबल विशबोन, म्हणजे वर एक आर्म खाली एक आर्म आणि मध्ये स्प्रिंग-शॉकअप एकत्र असलेला स्ट्रट. मागे अख्खा रिजिड ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकं एकाच दांड्यावर, त्याला चार लिंका, कॉइल स्प्रिंगा आणि ॲक्सलला आडवा धरून ठेवणारा एक रॉड, ज्याला पॅनहार्ड रॉड म्हणतात. लॅडर फ्रेमची गाडी, दोन टनाच्या वर वजन. टोयोटाने हे सेटअप सात माणसं आणि सामान धरून केलेलं आहे, त्यामुळे रिकामी असताना ही गाडी मागून थोडी कडक लागते हे खरंय, नोव्हेंबर २०१६ ला हे मॉडेल आपल्याकडे आलं तेव्हापासून मालकांची ही तक्रार आहेच. पण कडक असणं वेगळं आणि बेताल असणं वेगळं, आणि दादांची गाडी बेताल झाली होती.

रॅम्पवर घेतली. पहिली नजर पुढच्या वरच्या आर्मवर. आतल्या कडेला पेंट उडून बोटभर लांबीची चकाकणारी रेघ, आणि समोर स्प्रिंगच्या तारेवरही तसाच घासल्याचा डाग. म्हणजे चाक पूर्ण खाली लटकलं की आर्म जाऊन स्प्रिंगला टेकत होता, तोच तो 'टक्'. डाव्या ॲक्सलचा बाहेरचा रबरी बूट बघितला तर त्याच्या घड्या एकमेकींवर घासून एका जागी चीर गेलेली, आणि चाकाच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे उडालेले. अजून एक पावसाळा असाच गेला असता तर पाणी-चिखल आत जाऊन सीव्ही जॉइंटच, म्हणजे चाक वळलं तरी त्याला फिरवत ठेवणारा ॲक्सलचा सांधाच, गेला असता.

आता हे का झालं ते नीट समजून घ्या, कारण आपल्याकडे निम्म्या लिफ्ट, म्हणजे गाडी उंच करण्याची कामं, अशीच केली जातात. स्ट्रट चाकाच्या मधोमध नसतो, खालच्या आर्मवर आतल्या बाजूला कुठेतरी बसलेला असतो. त्यामुळे वर २५ मिमीचा तुकडा टाकला तर चाकापाशी उंची जवळपास दुप्पट वाढते, ४५-५० मिमी. दादांच्या गाडीत ३० चा तुकडा होता, आणि शेजारी एक जशीच्या तशी कंपनी कंडिशनमधली फॉर्च्युनर उभी करून हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत टेप लावली तर पुढून ५६ मिमी वाढ निघाली. स्प्रिंग तीच, वजन तेच, शॉकअप तोच, म्हणजे गाडी पुढून मऊ झाली नाही की कडकही झाली नाही, फक्त अख्खा स्ट्रट खाली ढकलला गेला. त्याचा परिणाम दोन्हीकडून होतो. चाक खाली लटकताना आधीपेक्षा पाच-साडेपाच सेंटीमीटर जास्त खाली जातं, त्यामुळे बॉल जॉइंट आणि सीव्ही जॉइंट कंपनीने ठरवलेल्या कोनाच्या बाहेर जातात. आणि चाक वर दबताना बंपस्टॉपचा रबर लागायच्या आधीच शॉकअपचा दांडा आतून तळाला टेकू शकतो, म्हणजे जो दणका रबराने खायचा तो शॉकअपच्या व्हॉल्व्हवर जातो. स्पेसर स्वस्त आहे, पण तो नुसता उंची देतो, बाकी काहीही देत नाही.

स्टेअरिंग हलकं पडण्याचं कारण अलाइनमेंटच्या मशीनवर दिसलं. कॅस्टर डावीकडे १.४ अंश, उजवीकडे १.१. कॅस्टर म्हणजे चाक वळायचा जो अक्ष असतो तो मागे किती कललेला आहे ते, आणि स्टेअरिंग सोडल्यावर आपोआप सरळ येतं ते मुख्यतः ह्याच्या जोरावर. पुढून गाडी उचलली की आर्मचे कोन बदलून कॅस्टर कमी होतो. खालच्या आर्मच्या बोल्टांना कॅम, म्हणजे फिरवून आर्म सरकवता येतो अशा चकत्या, असतात, ते फिरवून थोडा परत मिळतो, पण इथे ते कॅम आधीच शेवटच्या टोकाला नेलेले होते. आधीच्या माणसाने प्रयत्न केला होता, जागाच उरली नव्हती. त्यात २८५ चा टायर, व्यास २४ मिमी जास्त, वजन प्रत्येक चाकाला काही किलो जास्त, आणि स्टेअरिंग पूर्ण वळवलं की पुढच्या मडफ्लॅपला घासत होता.

मागे गेलो. इथे मला खरा घोळ सापडला.

मागचा भाग रिकाम्या गाडीला ६८ मिमी वर होता. गवंड्याचा ओळंबा घेतला, फेंडरच्या कडेवरून सोडला आणि टायरच्या बाजूपर्यंतचं अंतर मोजलं, दोन्ही बाजूंत १२ मिमीचा फरक. म्हणजे मागचा अख्खा ॲक्सल ६ मिमी एका बाजूला सरकलेला. पॅनहार्ड रॉडचं एक टोक चासीला आणि दुसरं ॲक्सलला असतं, गाडी वर गेली की रॉड तिरका होतो, आडवं अंतर कमी पडतं आणि तो ॲक्सलला चासीच्या टोकाकडे ओढून घेतो. सहा मिमीने कोणी मरत नाही, पण रॉड जितका तिरका तितका मागचा भाग प्रत्येक खड्ड्यात थोडा आडवा सरकतो, आणि दादा म्हणत होते की एक्सप्रेसवेला लेन बदलताना मागून कुणीतरी हलकेच ढकलल्यासारखं वाटतं, ते हेच. महिंद्राने स्कॉर्पिओ-एन ला मागे वॉट्स लिंकेज दिलंय त्याचं कारणही हेच आहे, त्यात ॲक्सल वर-खाली होताना मधोमधच राहतो.

मग वजन. कुठलीही स्प्रिंग निवडायच्या आधी गाडी काट्यावर घाला, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि फार कमी लोक ऐकतात. दादांनी ऐकलं. साताऱ्याजवळच्या एका वजनकाट्यावर, उसाचे ट्रॅक्टर रांगेत उभे होते त्यांच्यामधून वाट काढून, आधी अख्खी गाडी घेतली, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. टाकी फुल, आत फक्त ड्रायव्हर, तर एकूण २,३१० किलो, त्यात पुढे १,२२० आणि मागे १,०९०. नंतर ट्रिपला जातात तसं सगळं भरून, चार माणसं, टपावरचा कॅरिअर, रिकव्हरीचं सामान, जास्तीचं डिझेल, तंबू, तर २,६९०, पुढे १,२६० आणि मागे १,४३०. बघा, वाढलेल्या ३८० किलोतले ३४० एकट्या मागच्या ॲक्सलवर. आणि हा भरलेला आकडा आरसीवर लिहिलेल्या कमाल वजनाच्या इतका जवळ होता की दादांनी तिथेच टपावरचं अर्धं सामान घरी ठेवायचं ठरवलं. माझ्या मते त्या दिवसाची सगळ्यात मोठी कमाई तीच.

आता थोडा हिशोब, घाबरू नका, सोपा आहे. स्प्रिंगवर बसलेलं वजन आणि स्प्रिंगचा कडकपणा ह्यावरून गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली डोलते ते ठरतं. साधारण सव्वा ते दीड च्या आत असेल तर माणसाला बरं वाटतं, त्याच्यापेक्षा बरंच जास्त झालं की दणके बसतात आणि एकच्या खाली गेलं की हेलकावे. मागच्या १,०९० मधून ॲक्सल आणि चाकांचे अंदाजे २१० वजा केले तर प्रत्येक स्प्रिंगवर ४४० किलो, गाडी भरल्यावर ६१०. समजा मूळ स्प्रिंग प्रति मिमी ३० न्यूटनची आहे, तर रिकामी १.३ आणि भरलेली १.१. आणि त्या जाड तारेच्या स्प्रिंगा समजा ४५ च्या, तर भरलेल्या गाडीला जवळपास १.४, म्हणजे झकास, पण रिकाम्या गाडीला १.६. दादांची गाडी वर्षातले कितीतरी जास्त दिवस रिकामीच फिरते, आत दोन-तीन माणसं आणि एक बॅग. म्हणजे स्प्रिंग निवडली ती वर्षातल्या एका ट्रिपसाठी आणि त्रास काढला आईंनी उरलेलं वर्षभर.

त्याहून मोठी गोष्ट शॉकअपची. स्प्रिंग दणका साठवून ठेवते आणि परत फेकते, ते फेकणं आवरायचं काम शॉकअपचं. कंपनीचा शॉकअप कंपनीच्या स्प्रिंगला धरून ट्यून केलेला असतो. त्याच शॉकअपवर दीडपट कडक स्प्रिंग बसवली तर त्याची पकड हिशोबाने साधारण १८ टक्क्यांनी कमी पडते, आणि गाडी भरली की तीसच्या आसपास. म्हणून गाडी एकाच वेळी कडकही लागते आणि उड्याही मारते. लोकांना वाटतं ह्या दोन तक्रारी उलट्या आहेत, एकाच गाडीत कशा असतील, पण त्या नेहमी जोडीने येतात.

आणि पुढचं-मागचं जमायला लागतं. १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली नावाच्या इंजिनिअरने हे मांडलं की मागचं डोलणं पुढच्यापेक्षा थोडं जलद ठेवा, कारण खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागचा उशिरा सुरू होऊन पुढच्याला गाठतो आणि गाडी सपाट बसते. थोडं जलद, बरं का. इथे पुढे कंपनीची मऊ स्प्रिंग आणि मागे एकदम १.६, त्यामुळे मागचा भाग पुढच्याच्या खूप आधी परत वर यायचा आणि मागच्या सीटवरच्या माणसाला प्रत्येक खड्डा दोनदा भेटायचा.

दादांची इच्छा होती की आलोच आहोत तर तीन इंच करू, पुढे स्टीलचा बंपर आणि विंचपण लावू. बंपरला मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. एक तर डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने क्रॅश गार्ड-बुल बारवर कारवाई करायला राज्यांना सांगितलेलं आहे, दुसरं म्हणजे एअरबॅगचे सेन्सर पुढचा भाग कसा चेपतो ह्यावर अवलंबून असतात, आणि तिसरं म्हणजे बंपर-विंचचं वजन पुढच्या ॲक्सलच्याही पुढे लटकतं, त्याला परत वेगळ्या स्प्रिंगा. उंचीचं म्हणाल तर एक गोष्ट लक्षात घ्या, रिजिड ॲक्सलच्या गाडीत लिफ्ट किटने मागचा डिफरन्शियल, म्हणजे ॲक्सलच्या मध्ये असलेला गिअरचा गोळा, एक मिमीसुद्धा वर जात नाही. चासी वर जाते, ॲक्सल तिथेच. डिफ वर न्यायचा तर टायरच मोठा लागतो, आणि २८५ च्या टायरने तो किती वर गेला होता, १२ मिमी. बामणोलीच्या वाटेवर दादांची गाडी अडकायची ती पुढच्या बंपरच्या खालच्या ओठाला आणि फूटस्टेपला, आणि तेवढ्यासाठी ४० मिमी पुरतात. त्याच्या पुढचा प्रत्येक मिमी तुम्ही सीव्ही जॉइंट, कॅस्टर आणि गुरुत्वमध्य ह्यांच्या खिशातून काढता.

तेव्हा ठरलं ते असं. पुढे-मागे एकाच कंपनीच्या, एकमेकांना धरून ट्यून केलेल्या स्प्रिंगा आणि शॉकअप. आपल्याकडे फॉर्च्युनरला एआरबी चे ओल्ड मॅन एमू, आयर्नमॅन, बिलस्टीन, प्रोफेंडर असे पर्याय लोक बघतात. आम्ही ओल्ड मॅन एमू चे नायट्रोचार्जर घेतले, नायट्रोजन भरलेले ट्विन ट्यूब. मोनोट्यूबमध्ये उष्णता लवकर बाहेर जाते आणि वेगात ते जास्त नेमके चालतात, पण त्यात पिस्टन थेट बाहेरच्या नळीत फिरतो, दगड लागून नळीला खोलगट पोचा आला की खेळ खलास. ट्विन ट्यूबमध्ये बाहेरची नळी दगड खाते, आतली शाबूत राहते. दादांची हिमालयाची ट्रिप स्पितीची, तिथल्या रस्त्यावर मला ही खात्री जास्त मोलाची वाटली. मागच्या स्प्रिंगा मधल्या वजनाच्या, सगळ्यात जड नाही, आणि ट्रिपच्या वजनासाठी स्प्रिंगच्या आत बसणाऱ्या हवेच्या पिशव्या, एअर हेल्पर. रिकाम्या गाडीला त्यात ५ पीएसआय, जेमतेम फुगलेल्या राहतील एवढी हवा, आणि गाडी भरली की २० च्या आसपास. काही जण म्हणतात पिशवीमुळे चाक पूर्ण लटकत नाही आणि ते थोडं खरंही आहे, पण ज्या माणसाची गाडी वर्षभर रिकामी आणि एकदाच गच्च भरलेली असते त्याला ह्याच्यापेक्षा चांगला तोडगा मी अजून पाहिलेला नाही. पुढे कॅस्टर परत मिळावा म्हणून वेगळे अप्पर आर्म, मागे लांबी कमी-जास्त करता येणारा पॅनहार्ड रॉड. टायर परत २६५/६० आर १८, ऑल टेरेनच पण मूळ साइज.

स्टॅबिलायझर बार, म्हणजे वळणात गाडी कलू न देणारा दांडा, काढायचा का हा प्रश्न दादांनी विचारला, कुठेतरी व्हिडिओत पाहिलं होतं की काढल्यावर चाक जास्त लटकतं. लटकतं हे खरं. पण अडीच टनाची उंच गाडी घाटात त्या बारच्या भरवशावर वळते. टोयोटाने स्वतः लँड क्रूझरला केडीएसएस देऊन हे दोन्ही साधलंय, हायड्रॉलिकने बार रस्त्यावर आवळलेला आणि दगडात मोकळा, पण ते मुळापासून डिझाइन केलेलं आहे. फॉर्च्युनरमध्ये पाना घेऊन बार काढणं म्हणजे ते नव्हे. बार जागेवरच ठेवला.

फिटिंगमधली एक गोष्ट मुद्दाम सविस्तर लिहितो कारण ती मी पुन्हा पुन्हा चुकलेली बघतो. आर्म आणि लिंकांच्या टोकाला जे रबरी बुश असतात ते फिरत नाहीत, रबर आतल्या आणि बाहेरच्या लोखंडी नळीला चिकटवलेलं असतं आणि ते नुसतं पिळतं. गाडी रॅम्पवर, चाकं लटकलेली, आणि मिस्त्रीने तिथेच बोल्ट आवळून टाकले तर रबर त्या लटकलेल्या स्थितीत पक्कं होतं. गाडी खाली आली की प्रत्येक बुश कायमचा पिळलेला. मग गाडी एक-दीड सेंटीमीटर उंच दिसते, कडक लागते, आणि काही महिन्यांत बुशांना चिरा. म्हणून बोल्ट आधी नुसते हाताने लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, पुढून-मागून दाबून हलवायची, थोडी मागेपुढे फिरवायची आणि मग खड्ड्यात उतरून किंवा चार खांबांच्या रॅम्पवर, चाकांवर वजन असताना टॉर्क पान्याने आवळायचे. ह्याला अर्धा दिवस जास्त लागतो. दादांच्या गाडीच्या जुन्या लिंकांचे बुश काढले तेव्हा दोन बुश असेच पिळून फाटलेले निघाले, ते नवीन टाकले.

ब्रेकचे होज आणि एबीएस सेन्सरच्या वायरी चाक पूर्ण लटकवून बघितल्या, ताण नव्हता. सीव्ही बूट बदलला. गाडी आता पुढे-मागे दोन्हीकडे ४० मिमीच्या आसपास वर बसली, मागे पिशवीत ५ पीएसआय असताना. पॅनहार्ड रॉड फिरवत फिरवत ओळंब्याचं अंतर दोन्ही बाजूला सारखं केलं.

अलाइनमेंटला कॅस्टर डावीकडे ३.४, उजवीकडे ३.१ ठेवला. फरक मुद्दाम आहे. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून डाव्या कडेला उतरते असतात, गाडी डावीकडे ओढते, आणि ज्या बाजूला कॅस्टर कमी त्या बाजूला गाडी जाऊ बघते, म्हणून डावीकडे थोडा जास्त दिला की रस्त्याचा उतार फिटतो. कॅम्बर, म्हणजे चाकाच्या वरच्या टोकाचा कल, शून्याला अगदी किंचित उणे, टो, म्हणजे चाकांच्या तोंडांची दिशा, थोडासा आत. स्कॅनर लावून स्टेअरिंग अँगलचा शून्य बिंदू परत सेट केला, नाहीतर व्हीएससी ला, म्हणजे गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेला, वाटत राहतं की तुम्ही वळताय. हेडलाइट खाली केले, हे तर नव्वद टक्के लोक विसरतात आणि समोरच्याच्या डोळ्यात प्रकाश मारत फिरतात.

पैसे सांगतो, त्या जाड तारेच्या स्प्रिंगा आणि २८५ चे टायर विकून आलेले वजा केले तरी अडीच लाखांच्या घरात गेलं, अप्पर आर्म आणि पॅनहार्ड रॉड धरून. कमी नाहीत.

कायद्याचंही बोलायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या, कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये ते परत ठामपणे सांगितलंय, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये मालकाला परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. मी हे दादांना काम सुरू करायच्या आधी समोर बसवून सांगितलं. ते म्हणाले इन्शुरन्सला लेखी कळवतो, आरटीओतही विचारतो, आणि कंपनीचा सगळा माल घरी ठेवतो. तसं त्यांनी केलं. ज्याला हे करायचं नाही त्याने चांगले शॉकअप मूळ उंचीवर लावावेत, अर्ध्याहून जास्त फायदा त्यातच मिळतो आणि हे मी मनापासून सांगतोय.

रस्त्यावर काय झालं. साताऱ्याहून पुण्याला येताना खंबाटकीत दादांनी फोन स्पीकरवर टाकला, म्हणाले स्टेअरिंग आता स्वतःहून परत येतंय. एक्सप्रेसवेला शंभरला लेन बदलताना मागचा भाग आता पुढच्याबरोबरच जातो. गाडी कंपनीच्या कंडिशनपेक्षा मऊ झालेली नाही, कुणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, पण दणका बसला की तो एकदाच बसतो आणि तिथेच संपतो. वहिनींचा मुद्दा असा होता की आईंनी वाईपर्यंत एकदाही पाठीमागची उशी नीट करून मागितली नाही. माझ्यासाठी ही चाचणी मशीनच्या कुठल्याही आकड्याइतकीच पक्की आहे.

बामणोलीच्या वाटेवर टायरमधली हवा २४ पर्यंत कमी करून जांभ्यावरून नेली. खरं सांगू, दगडात अर्धा आराम हवा कमी करण्यातून येतो, फुकटात, आणि बाहेर पडल्यावर छोट्या कॉम्प्रेसरने परत भरायची एवढंच. वाट सोडून गाडी नेली नाही. त्या भागात कास आणि आजूबाजूचे सडे आहेत, पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे, आणि एका चाकाच्या पट्ट्याखाली जी माती दबते तिथे पुढची कित्येक वर्षं फुलं येत नाहीत. ऑफरोडिंग करणाऱ्यांनीच हे आधी पाळायला पाहिजे.

मग स्पिती. शिमला, किन्नौर, काझा आणि कुंझुमवरून बातलला उतरून ग्राम्फूपर्यंत. बातल ते ग्राम्फू म्हणजे नाल्यातून वाहणारं पाणी, फुटबॉलएवढे गोटे आणि मध्ये मध्ये रेषारेषांचा थरथरता पट्टा, ज्याच्यावर शॉकअपचं तेल तापून फेसाळतं आणि पकड सुटते. जुन्या सेटअपवर आदल्या वर्षी दादांना तिथे शेवटच्या तासात गाडी पाण्यावर तरंगतेय असं वाटायला लागलं होतं. ह्या वेळी दिवसाच्या शेवटी शॉकअपला हात लावता येत नव्हता इतके तापलेले, पण गाडी सकाळसारखीच चालत होती. एक सूचना मी आधीच दिली होती, कुंझुमसारख्या साडेचार हजार मीटरच्या वरच्या खिंडीत बाहेरच्या हवेचा दाब इतका कमी होतो की खाली भरलेली पिशवी आणि टायर दोन्ही गेजवर पाच-सहा पीएसआय जास्त दाखवतात, थंडीने त्यातलं थोडं परत कमी होतं. काझ्याला मुक्कामी सकाळी थंड गाडीवर मोजून त्यांनी पिशव्या १६ वर आणल्या, आणि मनालीकडे अटल टनेलपाशी उतरल्यावर परत वाढवल्या.

परत आल्यावर गाडी पुन्हा रॅम्पवर घेतली. अप्पर आर्म आणि स्प्रिंगमध्ये बोट जाईल एवढी जागा, घासल्याची खूण नाही. सीव्ही बूट कोरडे. कॅस्टर डावीकडे ०.२ ने हललेला, कॅमच्या एका बोल्टवरची खूण सरकलेली दिसली, तो परत सेट करून आवळला. मागच्या स्प्रिंगा अपेक्षेप्रमाणे ५-६ मिमी बसल्यात, त्यामुळे पॅनहार्ड रॉड अर्धा आटा फिरवावा लागला. उजव्या पिशवीची हवेची नळी मात्र एका ठिकाणी एक्झॉस्टच्या शील्डजवळ आलेली, प्लास्टिक जरा चमकायला लागलं होतं, ती वरून फिरवून चासीच्या आतल्या बाजूने क्लिपने बांधली. ज्यांनी कुणी अशा पिशव्या लावल्यात त्यांनी आजच गाडीखाली वाकून ती नळी बघून घ्या.